बाटलीवर 'फ्री', हवेत फॉर्माल्डिहाइड

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई.

महोदय,

आपल्या प्रशासनाच्या अखत्यारीत मासळीबाजारही येतो आणि केसांना लावायच्या क्रीमची बाटलीही. नावात 'अन्न' आणि 'औषध' आहेच. शिवाय १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यामुळे सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांचे परवानेही आपल्याच कचेरीतून निघतात. एरवी या दोन टेबलांची एकमेकांशी गाठ पडण्याचे कारण नाही. पण एक रसायन असे आहे की ते दोन्हीकडे येते. पापलेटमध्ये त्याचा नुसता संशय आला तरी गावभर बोंब होते. तेच पार्लरमध्ये केसांना चोपडून वरून इस्त्री फिरवली, तर लोक त्यासाठी काही हजार रुपये मोजतात. हे पत्र मुख्यतः त्या दुसऱ्या टेबलासाठी आहे.

लग्नसराईच्या तोंडावर कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या पार्लरचे दरपत्रक पाहावे. केरॅटिन, स्मूदनिंग, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया अशी नावे तिथे ओळीने दिसतात. नावांवरून आतल्या रसायनाचा पत्ता लागत नाही, आणि बहुतेकदा तो लागू नये अशीच ती ठेवलेली असतात. कृती मात्र सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच. केस धुवायचे, बटाबटांनी क्रीम लावायची, ड्रायरने वाळवायचे आणि मग दोनशे अंशांच्या वर तापलेल्या पट्ट्यांमधून प्रत्येक बट अनेकदा ओढायची. त्या वेळी जो धूर निघतो त्याने डोळे चुरचुरतात, घसा धरतो. एसी चालू असतो म्हणून खिडक्या बंद. सगळ्याच क्रीममध्ये फॉर्माल्डिहाइड असते असे नाही. ज्यांच्यात असते त्यांच्या बाटलीवरही कित्येकदा 'फॉर्माल्डिहाइड फ्री' असे ठळक छापलेले सापडले आहे, आणि हे कसे जमते ते समजून घ्यायचे तर थोडे रसायनशास्त्रात शिरावे लागते.

फॉर्माल्डिहाइड म्हणजे एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. अल्डिहाइडांच्या कुळातले सर्वांत लहान भावंड. शून्याखाली १९ अंशांनाच ते उकळते, त्यामुळे आपल्या हवामानात ते वायूच. बाजारात द्रव म्हणून मिळते ते फॉर्मॅलिन : वजनाने सुमारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड, बाकी पाणी, आणि साठवणीत तळाला पांढरा साका धरू नये म्हणून घातलेले दहा-पंधरा टक्के मिथेनॉल.

मेख पुढे आहे. पाण्यात शिरलेले फॉर्माल्डिहाइड मूळ रूपात जवळजवळ उरतच नाही. त्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचा एक रेणू येऊन चिकटतो आणि मिथेनडायॉल तयार होते. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात त्याला मिथिलीन ग्लायकॉल म्हणतात. पातळ द्रावणात ९९.९ टक्क्यांहून अधिक माल या जलयुक्त रूपात असतो. मोकळे फॉर्माल्डिहाइड हजारात एकापेक्षाही कमी. पण ही अभिक्रिया दोन्ही बाजूंनी चालते. पाणी उडाले, उष्णता मिळाली, किंवा मोकळे फॉर्माल्डिहाइड कशाला तरी जोडले जाऊन खर्ची पडले, की मिथेनडायॉल आपले पाणी सोडते आणि तूट भरून काढते. अकरावीच्या पुस्तकातला ल शातेलिएचा नियम तो हाच. वरातीपुरता फेटा बांधला म्हणून नवरदेवाचे आधारकार्ड बदलत नाही, आणि इथे तर फेटा उतरवायला गरम पट्टी हातात घेऊनच माणूस उभा असतो.

हे मिथेनडायॉल पाण्यावेगळे काढणे किती अवघड, याचा एक दाखला आहे. एकाच कार्बनवर दोन हायड्रॉक्सिल गट ही मुळातच डळमळीत रचना. हवाई विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या गटाने २०२२ मध्ये ते वायुरूपात प्रथमच ओळखून दाखवले. त्यासाठी त्यांना मिथेनॉल आणि ऑक्सिजन यांच्या गोठवलेल्या थरावर इलेक्ट्रॉनांचा मारा करावा लागला. तेव्हा 'आमच्या बाटलीत फक्त मिथिलीन ग्लायकॉल आहे, फॉर्माल्डिहाइड नाही' असे कुणी म्हणाले तर त्याचा अर्थ एवढाच, की बाटलीत फॉर्मॅलिन आहे.

असे म्हणणारे निघाले, हेही खरे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंड शहरात केस सरळ करणाऱ्या एका कामगार स्त्रीला 'ब्राझिलियन ब्लोआउट' नावाचे द्रावण वापरताना त्रास होऊ लागला. बाटलीवर फॉर्माल्डिहाइड नसल्याचा दावा होता. नमुना तिथल्या आरोग्य व विज्ञान विद्यापीठाकडे तपासायला गेला आणि आत फॉर्माल्डिहाइड सापडले. मग राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने ५४ सलूनमधून शंभरावर नमुने गोळा केले. या द्रावणातले सरासरी प्रमाण ८ टक्क्यांच्या वर निघाले. तिकडच्या नियमाप्रमाणे ०.१ टक्क्याच्या वर गेले की कामगाराला लेखी कल्पना द्यावी लागते. पुढे केंद्रीय कामगार सुरक्षा यंत्रणेने एका सलूनमध्ये केस वाळवताना हवा मोजली, तेव्हा प्रमाण १०.१२ पीपीएम भरले. पंधरा मिनिटांसाठीची त्यांची कमाल मर्यादा २ पीपीएम आहे. म्हणजे पाचपट.

कंपनीचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. आमच्यात मिथिलीन ग्लायकॉल आहे, ते वेगळे संयुग आहे, त्याची नोंदणी वेगळी, क्रमांक वेगळा. कागदावर हे सगळे खरे. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कंपनीला इशारापत्र धाडले, त्यात विश्लेषणाचा आकडा मिथिलीन ग्लायकॉलच्याच नावाने दिला : ८.७ ते १०.४ टक्के. शिवाय लेबलवरचा दावा दिशाभूल करणारा असल्याचेही सुनावले. जानेवारी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल कमला हॅरिस यांच्या कचेरीने चालवलेल्या दाव्यात तडजोड झाली. कंपनीने सहा लाख डॉलर भरले आणि 'फॉर्माल्डिहाइड फ्री' हे शब्द सोडले. माल मात्र बाजारातून गेला नाही. या प्रकारच्या द्रावणांवर बंदी घालण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये तिथल्या एफडीएच्या कार्यसूचीवर आला आणि त्यानंतर ठरलेल्या तारखा एकामागून एक टळत गेल्या. तेव्हा या बाबतीत अमेरिकेचा कित्ता गिरवा असे कुणी सुचवत नाही.

इथे आकड्यांचा एक खेळ आपल्या प्रयोगशाळेने ध्यानात ठेवावा असा आहे. फॉर्माल्डिहाइडचा रेणुभार ३०, पाण्याचा १८, दोन्ही मिळून मिथेनडायॉलचा ४८. म्हणजे १०० ग्रॅम मिथेनडायॉलमधून साडेबासष्ट ग्रॅम फॉर्माल्डिहाइड सुटते. '१० टक्के मिथिलीन ग्लायकॉल' आणि 'सव्वासहा टक्के फॉर्माल्डिहाइड' ही एकाच बाटलीची दोन वर्णने झाली. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन उद्योगाने स्वतःच पोसलेल्या तज्ज्ञ समितीनेही हा हिशोब नाकारला नाही. तिने परिरक्षक म्हणून चालेल अशी मर्यादा दोन्ही भाषांत सांगितली : फॉर्माल्डिहाइड म्हणून मोजले तर ०.०७४ टक्के, मिथिलीन ग्लायकॉल म्हणून मोजले तर ०.११८ टक्के. केस सरळ करण्याच्या द्रावणांतला सध्याचा वापर मात्र असुरक्षित असल्याचे तिने साफ म्हटले. उद्योगाच्या पैशावर चालणारी समिती असे म्हणते तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारायला जायची गरज उरत नाही.

प्रयोगशाळेच्या बाजूने तर अडचणच नाही. नेहमीच्या पद्धतींत नमुन्यात असे अभिकर्मक घालतात की ते मोकळे फॉर्माल्डिहाइड धरून ठेवते. ते धरले गेले की मिथेनडायॉल पाणी सोडून आणखी पुरवते, तेही धरले जाते, आणि शेवटी सगळाच माल मोजला जातो. दोघांना वेगळे मोजायचे तर मुद्दाम वेगळे उपकरण लावावे लागते. यंत्र जे सहजपणे एकत्र मोजते ते लेबलवर मात्र वेगळे होते, ही किमया शाईची.

आता हवा. समजा बारा फूट बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची पार्लरची खोली आहे. साधारण ३४ घनमीटर. एका गिऱ्हाइकाला ३० ग्रॅम क्रीम लागली आणि तिच्यात ८ टक्के फॉर्माल्डिहाइड असले, तर डोक्यावर २.४ ग्रॅम गेले. ते सगळे उडत नाही. बरेचसे केसांना धरते, काही धुण्यात जाते. अवघे पाच टक्के हवेत गेले असे धरू. म्हणजे १२० मिलिग्रॅम. खिडक्या बंद असतील तर घनमीटरला साडेतीन मिलिग्रॅम, सुमारे पावणेतीन पीपीएम. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी सुचवलेली अर्ध्या तासाची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. हा नुसता पाठीमागच्या पानावरचा हिशोब आहे, कुठल्या एका पार्लरचे मोजमाप नव्हे. पण पाच टक्क्यांऐवजी एकच टक्का धरला तरीही आकडा त्या मर्यादेच्या सातपट येतो.

गिऱ्हाईक तीन-चार महिन्यांनी एकदा येते. केस ओढणारी मुलगी रोज तिथे असते, सराईत दिवसाला दोन-तीन डोकी करते. सर्जिकल मास्क थेंब अडवतो, वायू अडवत नाही. वासावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण नाक थोड्या वेळात सरावते आणि वास गेला असे वाटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, ते नाक-घशाच्या कर्करोगाच्या पुराव्यावर. २००९ मध्ये त्यात रक्ताच्या कर्करोगाची भर पडली. हे निष्कर्ष मुख्यतः कारखान्यांत आणि शवलेपनाच्या धंद्यात वर्षानुवर्षे काम केलेल्यांवरून निघाले आहेत. लग्नाआधी एकदा केस सरळ करून घेतलेल्या मुलीला त्यावरून घाबरवणे बरोबर नाही. आठवड्याचे सहा दिवस त्या खोलीत उभी राहणारी मात्र त्या कामगारांच्या रांगेत बसते.

हे रसायन केसांत करते काय? तेच, जे ते सगळीकडे करते. प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये ते एका कार्बनाचे छोटे पूल बांधते. केस म्हणजे केरॅटिन हे प्रथिन. पट्टीने सरळ धरलेल्या अवस्थेत पूल बांधले गेले की केस काही महिने तसाच राहतो. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लुम हा जर्मन डॉक्टर फॉर्मॅलिनची जंतुनाशक म्हणून परीक्षा घेत होता, तेव्हा त्याच्या स्वतःच्या बोटांची कातडी घट्ट झाली. त्यावरून त्याला सुचले की ऊतींचे नमुने टिकवायलाही हे चालेल, आणि आज जगभरच्या पॅथॉलॉजीत बायप्सीचा तुकडा ज्या डबीत पडतो तिच्यात तेच द्रावण असते.

त्या डबीतल्या एका कोड्याचा इथे उपयोग आहे. फॉर्मॅलिन ऊतीत झपाट्याने शिरते, पण ऊती पक्की व्हायला तास न् तास लागतात. शिरायला वेगवान आणि काम करायला मंद, असे का? १९८५ मध्ये छापलेल्या एका संशोधन लेखाने याचे उत्तर मांडले. आत शिरते ते मिथेनडायॉल, आणि पूल बांधते ते त्यातून हळूहळू सुटणारे फॉर्माल्डिहाइड. म्हणजे जलयुक्त रूप हे निरुपद्रवी भावंड नसून माल आत पोचवणारे वाहन आहे. कंपन्यांच्या वकिलांनी दोघांची फारकत केली ती नेमकी उलट्या टोकाकडून.

आता मासळीकडे थोडे. १२ जुलै २०१८ रोजी गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी मडगावच्या घाऊक मासळीबाजारात उतरले. हातात कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचे तपासणी संच होते. मासळीवर घासलेल्या कागदी पट्टीने रंग बदलला. त्याच दिवशी नंतर जाहीर झाले की प्रमाण मर्यादेच्या आत आहे. लोकांनी साधा प्रश्न विचारला : जे मासळीत घालायलाच परवानगी नाही, त्याची 'मर्यादा' कुठून आली? आठवडाभरात मनोहर पर्रीकर सरकारला बाहेरून येणारी मासळी पंधरवड्यासाठी बंद करावी लागली. वर्षअखेरीस आणखी अटी आल्या आणि त्यांचा फटका सिंधुदुर्गातल्या मासळीच्या गाड्यांनाही बसला.

त्या प्रश्नाला खरे तर नीट उत्तर होते, पण ते वेळेवर कुणी दिले नाही. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. मासा मेल्यावर एक विकर त्याचे तुकडे करते, आणि त्यातला एक तुकडा म्हणजे फॉर्माल्डिहाइड. काही जातींत हे विकर जोरकस असते. आपला बोंबील त्यांतलाच. त्यात निसर्गतःच फॉर्माल्डिहाइड भरपूर निघते. एवढेच काय, माणसाच्या रक्तातही ते लिटरला दोन-तीन मिलिग्रॅम सतत असते आणि शरीर मिनिटा-दीड मिनिटात त्यातल्या निम्म्याचे फॉर्मिक आम्ल करून टाकते. पुढे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने माशांच्या गटांप्रमाणे नैसर्गिक प्रमाणाच्या वेगवेगळ्या मर्यादा ठरवल्या. त्या आधी ठरल्या असत्या, आणि मडगावात पट्टीच्या रंगाबरोबर माशाची जात व प्रयोगशाळेचा आकडाही जाहीर झाला असता, तर गोंधळाचा निम्मा भाग टळला असता.

तेव्हा आपल्याकडे मागणे असे. केसांच्या उत्पादनांची तपासणी करताना फॉर्माल्डिहाइड, फॉर्मॅलिन, मिथेनॅल, मिथेनडायॉल, मिथिलीन ग्लायकॉल ही सगळी एकाच खात्यात मांडावीत आणि अहवालात 'एकूण फॉर्माल्डिहाइड' हा एकच आकडा यावा. नमुने गोदामातून न घेता पार्लरच्या ट्रॉलीवरून घ्यावेत. कारण गावोगावी मोठ्या कॅनमधून छोट्या बिनलेबलच्या बाटल्यांत ओतलेला माल वापरला जातो, आणि परवान्याच्या फाइलमध्ये तो कधीच दिसणार नाही. आयात मालाची नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय औषध नियंत्रकांकडे असते हे खरे, पण पुण्यातल्या काउंटरवर ठेवलेली बाटली आपल्या निरीक्षकाच्या हाताशी आहे.

शांपूतल्या परिरक्षकांना या गाठोड्यात बांधू नये. त्यांतली काही थोडे थोडे फॉर्माल्डिहाइड सोडतात. युरोपाने २०२२ मध्ये अशा मालावर इशारा छापण्याचा उंबरठा ०.०५ टक्क्यावरून ०.००१ टक्क्यावर आणला, तो मुख्यतः ॲलर्जी असणाऱ्यांसाठी. तेही काम करण्यासारखे आहे. पण बेसिनपाशी धुऊन टाकलेला शांपू आणि दोनशे अंशांवर भाजलेली क्रीम यांना एकाच तराजूत घातले, तर खऱ्या धोक्यावरून नजर उडते आणि टीव्हीवाल्यांना एक संध्याकाळ मिळते.

आणखी एक गोष्ट, आणि ती घाईची आहे. फॉर्माल्डिहाइडची बदनामी झाल्यावर बऱ्याच कंपन्यांनी ग्लायऑक्झिलिक आम्ल वापरायला सुरुवात केली. अशा बाटलीवरचा 'फ्री' खरा असू शकतो. पण इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये केस सरळ करून घेतल्यावर मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेल्या २६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ट्युनिसमधल्या सलूनमध्ये केस सरळ करून घेणाऱ्या २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत आली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीनदा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडे बिघडली. त्या क्रीममध्ये १० टक्के ग्लायऑक्झिलिक आम्ल होते. तीच क्रीम उंदरांच्या कातडीला लावली तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसले. आपल्या निरीक्षकांना जी यादी द्याल तिच्यात हे नाव आजच घालावे. जिल्हा रुग्णालयांतल्या मूत्रपिंड विभागांनाही एक प्रश्न विचारायला सांगावे : गेल्या आठवड्यात पार्लरला गेला होतात का?

निकाल हाती आले की ते संकेतस्थळावर मराठीत टाकावेत. उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक, एकूण फॉर्माल्डिहाइडची टक्केवारी, नमुना घेतल्याची तारीख. 'मर्यादेच्या आत' एवढेच लिहून भागवू नये. मर्यादा किती, ती कुठल्या मानकातली, आणि ती बाटलीतल्या मालाची की गरम पट्टीखाली सुटणाऱ्या वायूची, हेही शेजारी यावे.

कळावे.

प्रत : मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य. तीन-चार मुलींचे पार्लर कारखाना कायद्यात बसत नाही. बाटली तपासण्याचे काम एका कचेरीचे आहे. खोलीतली हवा कोण मोजणार, ते दोन्ही कचेऱ्यांनी आपसांत ठरवून कळवावे.